लागलं

तुर्कूच्या हॉस्पिटलात, तळघरात,
नायट्रोजनची टाकी उघडली की वाफ वर जात नाही.
ती खाली सांडते, बुटांवर, फरशीवर,
आणि पाय दिसेनासे होतात.
एकोणचाळीस वर्षं मी अशी
घोट्यांवाचून उभी आहे.

उद्या निवृत्ती. आज फक्त नोंदी जुळवायच्या.
पिशवी, तारीख, नाव, रक्तगट,
आणि शेवटच्या रकान्यात माझी पेन्सिल:
नाही लागलं. नाही लागलं. लागलं.

पहिले पाच गेले.
तिसरी कैसा. नऊ वर्षांची.
तिला मज्जा लागली होती खरी,
पण आलेली मज्जा त्या घराला आपलं म्हणेना.
आधी कातडी सोलली, मग आतडी, मग यकृत,
ओसरीवर टेकलेल्या पाहुण्यानं
घरधन्यालाच उंबऱ्याबाहेर काढावं तसं.
तिच्या आईला सांगायला मी कॉरिडॉरमध्ये गेले.
मघाशी फ्रीजच्या दारात सापडून
माझ्या बोटाचं सालपट निघालं होतं.
ती माझ्या हाताकडे बघत म्हणाली,
"तुम्हाला लागलं का?"
मी म्हटलं, नाही.

माझी आई कुस्तावी बेटावर राहायची.
करेलिया सोडताना तिनं विलीचं विरजण
तागाच्या फडक्यावर वाळवून
कोटाच्या अस्तरात शिवून आणलं होतं.
चांदीचे चमचे मागे राहिले, ते फडकं आलं.
रोज रात्री वाटीच्या तळाला कालची चमचाभर विली फासायची,
वर दूध, वर झाकण.
हलवू नकोस, म्हणायची.
सारखं उघडून बघू नकोस.
माझं सगळं वैद्यक इथून आलं असं सांगितलं
की परिषदांमध्ये लोक हसतात.
हसोत.
आधी भांडं विसळायचं: औषधांनी, किरणांनी,
जुनं एक थेंबभरही उरता कामा नये.
मग एक पिशवी, गडद, शिरेतून, सावकाश.
गोठवलेली असली तर खोलीभर
लसणीचा आणि उकडलेल्या मक्याचा वास.
त्या दिवसाला आम्ही शून्य म्हणतो.
पुढचे दिवस नुसते मोजायचे.

सहावा ओइवा. एक्क्याऐंशी साल. आठ वर्षांचा.
बहीण आयला, बारा वर्षांची,
कमरेच्या हाडात सुया टोचून घेऊन
दुसऱ्या दिवशी लंगडत त्याच्या काचेपाशी आली
आणि तोंड वेडावून गेली.
दहावा दिवस, काही नाही.
बारावा, काही नाही.
तेराव्या दिवशी सिर्क्कानं
सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढता
शेजारचं स्टूल पायानं माझ्याकडे ढकललं.
"बस," म्हणाली. "लागलं."

एक्क्याण्णवच्या मार्चात
समुद्राच्या बर्फावरून घरी येताना
आयलाची गाडी खाली गेली.
ऊन दोन दिवस आधीच चढलं होतं, एवढंच.

मे महिन्यात ओइवा आला. तपासणीची तारीख नव्हती.
खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला,
"बर्च फुलला की मला शिंका येतात, डॉक्टर.
लहानपणी येत नव्हत्या."
तिला यायच्या का?
"हो. बारीक बारीक. सलग सात."
याला आमच्याकडे लांबलचक नाव आहे.
ते मी सांगितलं नाही.
त्याचा कागद पुढे ओढला: रक्तगट तिचा,
रक्तातल्या पेशीपेशीत दोन एक्स.
म्हटलं, मग तिच्याच आहेत त्या.
तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.
नंतर विचारलं, गोळी घ्यावी लागेल का?
म्हटलं, नकोशा झाल्या तर घे.

त्यानं कधी घेतली नाही.

टाकीचं झाकण लावते. हातमोजे काढते.
पाय परत आलेत.
वर टेबलावर नव्या डॉक्टरीणबाईंनी
त्यांच्या मुलांचे फोटो आधीच आणून ठेवलेत,
माझी पेन्सिल एका कपात घातली आहे.
फोन वाजतो.
दरवर्षी याच आठवड्यात वाजतो.
पलीकडे कुणी नाव सांगत नाही,
मीही विचारत नाही.
एक. दोन. तीन, चार.
पाच.
सहाव्यानंतर तो जरा थांबतो.